प्रसूती रुग्णालयातील स्वयंपाकीण

न्यूयॉर्कमधील स्लोन प्रसूती रुग्णालयात 1915 च्या आरंभी विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची साथ पसरली. पंचवीस जण आजारी पडले, दोघे दगावले. आजाऱ्यांत डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारीच जास्त होते. शोध मुदपाकखान्यापर्यंत पोचला, तेव्हा मिसेस ब्राऊन नावाने काम करणारी स्वयंपाकीण ही मेरी मेलन असल्याचे उघड झाले. याच कारणासाठी ती पूर्वी एकदा पकडली गेली होती.

मेरीचा जन्म 1869 मधला, आयर्लंडमधला. लहान वयातच ती अमेरिकेत आली आणि श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करू लागली. 1906 च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे येथील एका घरात अकरापैकी सहा जणांना विषमज्वर झाला. स्वच्छता अभियंता जॉर्ज सोपर यांनी माग काढला. मेरीने काम केलेल्या आठ घरांपैकी सात घरांत हा ताप येऊन गेला होता. ती स्वतः मात्र ठणठणीत!

विषमज्वराचे जंतू काही जणांच्या पित्ताशयात ठाण मांडतात. त्यांना त्रास होत नाही, पण विष्ठेवाटे जंतू बाहेर पडत राहतात आणि नीट न धुतलेल्या हातांवरून अन्नात उतरतात. नीट शिजलेल्या अन्नात ते मरतात. म्हणूनच सोपर यांचा संशय तिच्या हातच्या, ताजे पीच घातलेल्या आइस्क्रीमवर गेला. ते शिजवायचे नसते.

1907 मध्ये पोलिसांच्या मदतीने तिला धरून नॉर्थ ब्रदर बेटावर ठेवले. 1910 मध्ये सुटका झाली, ती पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर. मग धुण्याचे काम मिळाले, पण त्यात कमाई फारच कमी. आपल्यामुळे कोणी आजारी पडते हे तिला कधी पटलेच नाही. नाव बदलून ती परत चुलीपाशी गेली, तीही बाळंतिणींच्या रुग्णालयात. तिची चूक मोठीच. पण हातातले एकमेव कसब काढून घेताना पोटापाण्याची पुरेशी सोय कोणी लावून दिली नाही, हेही खरे.

पुन्हा त्याच बेटावर. यावेळी सुटका नव्हती. पुढे ती तिथल्या प्रयोगशाळेत काम करू लागली. 1932 मध्ये पक्षाघात झाला आणि 11 नोव्हेंबर 1938 रोजी ती गेली. तोवर शहराच्या नोंदीत असे शेकडो निरोगी वाहक होते. त्यांतले बहुतेक आपापल्या घरीच राहत होते.