भास्कराचार्य आणि पाटणची शाळा

शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडणारा आपला सोलापूर-धुळे रस्ता पुढे पाचोड, छत्रपती संभाजीनगर, कन्नड करत घाट उतरतो आणि चाळीसगावला पोहोचतो. चाळीसगावजवळ डोंगराच्या कुशीत पाटणे नावाचे ठिकाण आहे. लोक तिथे पाटणादेवीच्या दर्शनाला जातात. याच पाटण्याला सन १२०७ मध्ये एक शाळा निघाली. तिथे काय शिकवायचे हे दगडावर कोरून ठेवले होते. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायचे. शाळा काढणारा होता त्यांचा नातू चांगदेव.

स्मरणिकेसाठी गणितावर काहीतरी लिही, असे आपल्या बॅचच्या मंडळींनी सांगितले, कारण माझा धंदा संगणकाचा. मला भास्कराचार्यांवरच लिहावेसे वाटले. त्यांचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. गुरुत्वाकर्षण, शून्य आणि न्यूटनच्या आधी किती वर्षे, असे संदेश तर आपल्या ग्रुपवर महिन्यातून एकदा येतातच. पण ते शिक्षक म्हणून कसे होते, हे त्या संदेशांत कधी नसते.

त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे सन १११४. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचे विज्जडविड हे आपले गाव, असेही ते सांगतात. हे गाव म्हणजे विजापूर असे काहींनी म्हटले, अकबराच्या दरबारातल्या फैजीने बीदर म्हटले, आपल्या शेजारचे बीड म्हणणारेही आहेत. घराण्याचा शिलालेख पाटण्याला सापडला असल्यामुळे मला स्वतःला तो परिसरच जास्त पटतो. घराणे विद्वानांचे. एका पूर्वजाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. वडील महेश्वर हेच भास्कराचार्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सन ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. त्याचे भाग चार : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पुढे एकोणसत्तराव्या वर्षी ‘करणकुतूहल’ हा पंचांगाच्या गणिताचा ग्रंथ लिहिला.

लीलावती आणि घटिकापात्रात पडलेला मोती ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत येते. मूळ ग्रंथात ती नाही. तिथे आहे ती फक्त प्रश्न विचारण्याची रीत : कधी बाळे म्हणून, कधी मित्रा म्हणून, जणू समोर कोणी बसले आहे. लग्न मोडल्याच्या कथेपेक्षा मला हेच जास्त आवडते.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो बीजगणिताचा भाग. आपण अज्ञात संख्येला क्ष म्हणायचो. भास्कराचार्यांच्या परंपरेत तिचे नाव यावत्तावत्, म्हणजे जेवढी असेल तेवढी. लिहिताना नुसते ‘या’. दुसरी अज्ञात संख्या आली की कालक, तिसरी नीलक, मग पीतक, लोहितक. रंगांची नावे आणि लिहिताना त्यांची पहिली अक्षरे. ऋण संख्येवर एक टिंब. ही पद्धत त्यांच्या आधीची आहे आणि ते तसे मोकळेपणाने सांगतात. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांचे ग्रंथ फार विस्तृत आहेत, म्हणून विद्यार्थ्यांसाठी सार काढले, असे त्यांचे म्हणणे. वर्गसमीकरण सोडवायची रीतही ते श्रीधराच्या नावानेच देतात.

वर्गसमीकरणातली त्यांची माकडे पाहा. एका कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा केले, त्याचा वर्ग केला, तेवढी माकडे गुहेत गेली. एकच फांदीवर दिसते आहे. तर कळप केवढा? उत्तरे दोन येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग १०, तीन गेले ७, वर्ग ४९, फांदीवरचे एक मिळून ५०. बरोबर. आता ५ घ्या. पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उणे २, वर्ग ४, अधिक एक, ५. समीकरण जुळते! पण उणे दोन माकडांचा वर्ग म्हणजे काय? भास्कराचार्य हे उत्तर घेत नाहीत. ऋण मोजदाद लोकांना पटत नाही, हे त्याचे कारण. दुसऱ्या एका उदाहरणात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात बागडतो आहे आणि उरलेली १२ माकडे टेकडीवर आहेत. तिथे १६ आणि ४८ ही दोन्ही उत्तरे ते मान्य करतात. म्हणजे समीकरण सुटले की काम संपत नाही. उत्तर पुन्हा प्रश्नात नेऊन बसवायचे. आमच्या धंद्यात निम्मा पगार याच कामाचा मिळतो.

भारतीयांकडे नियम होते, सिद्धता नव्हत्या, असे पूर्वी पुष्कळ लिहिले गेले. भास्कराचार्यांचे बीजगणित उघडून पाहिले की हे टिकत नाही. सिद्धतेला ते उपपत्ती म्हणतात. काटकोन त्रिकोणाच्या बाजू १५ आणि २०, तर कर्ण किती, हा त्यांचा एक प्रश्न. आणि कर्ण काढायच्या नियमाची उपपत्तीही ते तिथेच देतात. असे चार त्रिकोण कर्ण बाहेर ठेवून चौरसात मांडायचे. मधे लहान चौरस उरतो, त्याची बाजू २० उणे १५, म्हणजे ५. चार त्रिकोणांचे क्षेत्रफळ ६००, मधल्या चौरसाचे २५, एकूण ६२५. कर्ण २५. हाच हिशेब अक्षरांनी केला की पायथागोरसचा नियम मिळतो. भास्कराचार्यांनी आकृती काढून फक्त ‘पाहा’ एवढेच म्हटले, अशी एक आख्यायिका परदेशी पुस्तकांतून फिरते. ती खरी मानू नका, त्यांनी हिशेब दिला आहे.

दुसरे उदाहरण तर शिक्षकांनी मुद्दाम बघावे. दोन संख्यांपैकी एकीची चौपट, दुसरीची तिप्पट आणि वर दोन, ही बेरीज त्यांच्या गुणाकाराएवढी आहे. भास्कराचार्य सांगतात, याची उपपत्ती दोन प्रकारची. एक क्षेत्रगत, म्हणजे गुणाकाराचा आयत काढून त्यातून पट्ट्या कापत जायच्या. दुसरी राशिगत, म्हणजे अक्षरांनी. ज्याला आकृतीतून कळत नाही त्याला राशीने दाखवावे. पट्ट्या कापल्यावर उरतो तो १४ क्षेत्रफळाचा तुकडा, बाजू पहिल्या संख्येतून ३ आणि दुसरीतून ४ वजा केलेल्या. १४ चे भाग पाडा : ४ व १८, ५ व ११, १० व ६, १७ व ५. चारही जोड्या तपासून बघा.

आपल्या काळी नववी-दहावीला बीजगणिताचे पुस्तक वेगळे आणि भूमितीचे वेगळे. पक्ष, साध्य, सिद्धता हे सगळे भूमितीच्या वाट्याला. बीजगणितात सूत्रे पाठ. ऋण गुणिले ऋण धन का, असे कोणी विचारले की उत्तर एकच : नियम आहे. आपल्या वर्गातल्या कितीतरी हुशार मुली तिथेच गणितापासून तुटल्या. त्या घरचा हिशेब बिनचूक करायच्या, पण कारण न सांगता मानायला लावलेली गोष्ट त्यांच्या गळी उतरत नव्हती. आणि इकडे भास्कराचार्य गोलाध्यायात स्पष्ट बजावतात की उपपत्ती न जाणणारा गणिती विद्वानांच्या सभेत मान मिळवत नाही आणि त्याच्या स्वतःच्या मनातली शंकाही फिटत नाही. मला यातला दुसरा भाग मोलाचा वाटतो. बीज म्हणजे बुद्धीच, अक्षरे तिची मदतनीस, असेही त्यांचे मत होते.

त्यांची सर्वांत मोठी करामत म्हणजे चक्रवाल रीत. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पूर्ण वर्ग यावा. सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आणि वर्गमूळ १,७६,६३,१९,०४९. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हाच प्रश्न १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला. बीजगणितात तो पाचशे वर्षे आधी, सोडवून, बसलेला होता.

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपालाने पाटणहून नेऊन आपल्या पंडितांचा प्रमुख केले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. त्याने काढलेल्या मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने देणगी दिली. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या त्या शिलालेखाचा शेवट त्या काळच्या मराठीत आहे. त्यात बाजारातल्या व्यवहारावरचे हक्क आणि चालत्या घाण्यामागे पळी-पळी तेल मठाला लावून दिले आहे. तेल्याच्या घाण्यावर बीजगणिताचा वर्ग चालत होता.

शाळा पुढे बंद पडली, ग्रंथ मात्र फिरत राहिले. आपल्या गोदावरीच्याच खोऱ्यात, खालच्या अंगाला, पार्थपूर म्हणजे आजचे पाथरी. तिथल्या ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास याने १५३८ मध्ये बीजगणितावर आणि १५४१ मध्ये लीलावतीवर टीका लिहिली. कोकणात नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये लीलावतीतल्या नियमांच्या उपपत्ती दिल्या. मूळच्या विदर्भातल्या घराण्यातल्या कृष्ण दैवज्ञाने बीजगणितावरच्या टीकेत ऋण संख्या दिशेने समजावून दिली. एका रेषेवर पूर्वेकडे जाणे धन, तर पश्चिमेकडे जाणे ऋण.