संगीताची पहिली इयत्ता काढणारे पंडित विष्णु दिगंबर

आमच्या नेसरीच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग मी पुष्कळ वर्षे सांभाळले. पाटीवर ‘ग’ गिरविताना रडकुंडीस येणारी मुले त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर मोजू लागली की हसत. तीन टाळ्या, एक खाली. एवढ्यात वर्ग एकजीव होई. गाणे हा शाळेत शिकविण्याचा विषय आहे ही गोष्ट ज्यांनी आयुष्य झिजवून लोकांच्या गळी उतरविली, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे अल्पचरित्र ज्ञातिबांधवांस व भगिनींस यंदा सादर करीत आहे.

पंडितजींचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी आपल्याच जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याने चेहरा भाजला व दृष्टी अधू झाली. शालेय शिक्षण खुंटले आणि मुलास मिरजेस गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ठेवण्यात आले. त्या काळची विद्या म्हणजे गुरुगृही सेवा, मर्जी सांभाळणे व कानांनी टिपून घेणे. पुस्तक नाही, इयत्ता नाही. शिवाय गवयाची कला हवी, पण गवई पंक्तीस नको, अशी समाजाची रीत होती. हा अपमान पंडितजींच्या जिव्हारी लागला.

येथे एक घरची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या थोरल्या भगिनीचा गळा गोड होता. भल्या घरच्या मुलीने गाऊ नये म्हणून वडिलांनी तिची पेटी माळ्यावर टाकविली. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांत असेच घडले असेल.

१८९६ साली पंडितजींनी मिरज सोडली आणि बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर असे फिरत ते पंजाबात पोहोचले. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. संस्थानिकाच्या पदरी न राहता लोकांच्या आश्रयावर चालणारी ही शाळा. नेमलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम व परीक्षा! १९०८ साली मुंबईतही विद्यालय निघाले. उपदेशक वर्गातील शिष्यांच्या राहण्या-जेवणाचा भार पंडितजी स्वतः उचलीत, आणि शिष्यांनी पुढे गावोगावी जाऊन शिकवावे ही अपेक्षा असे.

मला त्यांचे मोठेपण दिसते ते लहान पुस्तकांत. अधू दृष्टीच्या या पुरुषाने बालकांसाठी स्वरलिपीसह पाठ्यपुस्तके सिद्ध केली व ती स्वतःच्या छापखान्यात छापविली. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे एक मात्रा, शून्य म्हणजे अर्धी. समेस एकचा आकडा, खालीस अधिकचे चिन्ह. बेरीज-वजाबाकी समजणाऱ्या मुलास हे समजते. मुलाबाळांसमोर म्हणता न येणारे शृंगारिक शब्द काढून त्या जागी त्यांनी भक्तिपर पदे घातली. त्यामुळे गाणे माजघरापर्यंत पोहोचले. अशा वर्गांतून थोर गवई निपजत नाहीत, हा आक्षेप तेव्हाही होता. तो अगदीच खोटा म्हणवत नाही. वर्गात वीस मुले असली की गळा एकेकाचा पाहता येत नाही. परंतु जाणता श्रोता घडला तरी पुष्कळ झाले, अशी त्यांची धारणा होती. आणि ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचेच शिष्य, हेही विसरता येत नाही.

उत्तरायुष्य कष्टाचे गेले. कर्जापायी मुंबईची इमारत लिलावात गेली. पंडितजी नाशकास रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांनी देह ठेविला. पुत्र दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. त्याला पुढे वडिलांच्या शिष्यांनीच शिकविले, आणि तो डी. व्ही. पलुसकर या नावाने गाजला. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्याच्या परीक्षा आजही होतात. पहिलीचे नाव ‘प्रारंभिक’.

गेल्या वर्षी माझी नात त्या परीक्षेस बसली. दादऱ्याच्या सहा मात्रा हातावर मोजताना चौथ्या मात्रेवर खाली दाखवावयाची असते, तेथे तिने टाळीच वाजविली. शेजारी बसलेल्या माझ्या भगिनीने, वय वर्षे एक्याऐंशी, चटकन तिचा हात धरून बाजूस नेला. तिला हे कोणी, केव्हा शिकविले, ते मी अद्याप विचारलेले नाही.