बिनतारी संदेशवाले मार्कोनी

गुग्लिएल्मो मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटली देशात बोलोन्या शहरात झाला. त्यांचे वडील जमीनदार होते. आई आयर्लंडची होती.

त्या काळी तारेने संदेश जात. पण समुद्रातल्या जहाजाला तार कशी लावणार? मार्कोनींनी घराच्या माळ्यावर सामान मांडले. वडिलांना हे उद्योग आवडत नसत, आई मात्र त्यांच्या बाजूची. एका रात्री त्यांनी आईला झोपेतून उठवून वर नेले आणि तारेशिवाय लांबची घंटी वाजवून दाखवली.

१८९५ साली त्यांनी यंत्र टेकडीपलीकडे पाठवले. सोबत भाऊ अल्फोन्सो बंदूक घेऊन गेला. संदेश आला तर बार काढायचा असे ठरले. इकडे मार्कोनींनी संदेश सोडला आणि टेकडीमागून धडाड् आवाज आला! मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

पुढे ते इंग्लंडला गेले. आता त्यांना अटलांटिक महासागर ओलांडायचा होता. पण वीज चमकली की आपला रेडिओ कसा खरखर करतो, तशी खरखर त्यांच्याही यंत्रात येई. त्यात संदेश कसा ओळखायचा? त्यांनी एकच अक्षर ठरवले, एस. मोर्सच्या लिपीत एस म्हणजे नुसते तीन ठिपके. इंग्लंडहून ठरलेल्या वेळी तेच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवायचे.

पलीकडे न्यूफाउंडलंडला लई वारा होता. तार बांधलेला पतंग उडवला, तो एकदा तुटून गेला. दुसरा उडवला. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनींना खरखरीतून तीन टिकटिक ऐकू आल्या. अंतर सुमारे ३,४०० किलोमीटर! पण ते त्यांनी व त्यांच्या मदतनिसाने कानाने ऐकले होते, म्हणून पुष्कळांना खरे वाटेना. मग १९०२ साली त्यांनी जहाजात बसून येणारे संदेश कागदाच्या पट्टीवर उमटवले आणि कप्तानाची सही घेतली. रात्री संदेश दिवसापेक्षा खूप लांब जातो हेही तेव्हा कळले.

मग जहाजांवर यंत्रे बसली. एका जहाजाचा संदेश दुसरे जहाज तिसऱ्याला देई, कानगोष्टीच्या खेळासारखे. पण कानगोष्टीत शेवटी भलतेच निघते, तसे इथे चालत नसे. नीट कळले नाही तर परत विचारत. आताही मोबाइलवर व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांनी येतो, तुकडा हरवला तर बहुतेक वेळा तो परत मागवला जातो.

१९१२ साली टायटॅनिक जहाज बुडाले. पंधराशे माणसे गेली. पण बिनतारी हाक ऐकून कार्पेथिया जहाज धावले आणि सातशेहून जास्त माणसे वाचली.

१९०९ साली मार्कोनींना ब्राऊन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. १९२७ साली त्यांच्या पद्धतीची इंग्लंड-भारत बिनतारी सेवा सुरू झाली. तिची केंद्रे पुणे जिल्ह्यात खडकी व दौंडला होती, म्हंजे आपल्या महाराष्ट्रातच!

२० जुलै १९३७ रोजी ते रोम येथे वारले. त्यांच्यासाठी इंग्लंडमधील रेडिओ केंद्रे दोन मिनिटे गप्प राहिली.

इयत्ता ४ थी