हजरत सुहैल बिन अम्र (रजि.) : तहाच्या बैठकीतला धडा

वाटाघाटी म्हणजे वाक्‌चातुर्याने समोरच्यास नमविणे, असे आपणांस वाटत असेल तर हजरत सुहैल बिन अम्र (रजि.) यांच्या जीवनाकडे पाहा.

सुहैल हे कुरैशचे नामांकित वक्ते होते. बद्रच्या युद्धात (हि. २) ते कैद झाले. त्यांनी पुन्हा इस्लामविरुद्ध भाषण करू नये म्हणून त्यांचे पुढचे दात उपटावेत, असे हजरत उमर (रजि.) यांनी सुचविले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही विटंबना नाकारली आणि हाच मनुष्य एके दिवशी प्रशंसनीय भूमिका घेईल, अशी आशा व्यक्त केली.

हि. ६ मध्ये हुदैबिया येथे कुरैशने तहासाठी सुहैल यांनाच पाठविले. ते शब्दाशब्दावर अडले. करारातून ‘रहमान’ व ‘रहीम’ ही नावे त्यांनी वगळायला लावली. ‘अल्लाहचे प्रेषित’ हे शब्दही काढायला लावले. प्रेषितांनी (स.) ते मान्य केले, कारण त्यांची दृष्टी शब्दांवर नव्हे, दहा वर्षांच्या शांततेवर होती.

इतक्यात सुहैल यांचेच पुत्र हजरत अबू जंदल (रजि.) बेड्यांसह मुस्लिमांच्या आश्रयास आले. मक्केहून आलेल्यास परत पाठविण्याची अट ठरली होती. प्रेषितांनी (स.) त्यांच्यासाठी सवलत मागितली, पित्याने ती साफ नाकारली. सहाबांची मने विदीर्ण झाली, तरी दिलेला शब्द मोडला गेला नाही. अबू जंदल यांना धीर धरण्यास सांगण्यात आले. पुढे कुरैशनेच ती अट रद्द करण्याची विनंती केली. हुदैबियाला सुमारे १४०० मुस्लिम होते. दोनच वर्षांनी मक्केत १०,००० आले.

मक्काविजयाच्या दिवशी सुहैल घरात दार लावून बसले आणि त्यांनी दुसऱ्या पुत्रामार्फत अभय मागितले. ते तत्काळ मिळाले. तहाच्या बैठकीत जिंकल्यासारखे वाटलेले सुहैल या वागणुकीपुढे हरले आणि इस्लामच्या छायेत आले. प्रेषितांच्या (स.) निधनानंतर (हि. ११) मक्केतील लोक डळमळू लागले, तेव्हा त्याच वक्त्याने उभे राहून त्यांना इस्लामवर स्थिर केले.

आपल्या घरी वाटणीचा वा विवाहाचा प्रश्न निघतो, तेव्हा मुले आपले बोलणे ऐकत असतात. काय सोडावे, काय सोडू नये आणि दिलेला शब्द कसा पाळावा, हे ती आपल्याकडूनच शिकतात. समोर बसलेला मनुष्य उद्या आपला बंधू होऊ शकतो, हे त्यांना आपल्या वागण्यातून दिसू द्या.