घशातल्या जंतूंची ओळख पटवणाऱ्या लान्सफील्डबाई

घसा दुखून ताप आला की डॉक्टर कापसाच्या काडीने घसा पुसतात आणि पट्टीवर रेघ उमटते का ते पाहतात. त्या रेघेमागे एका बाईंचे जवळजवळ साठ वर्षांचे काम आहे. त्या शिकल्या ते कॉलेज आपल्या श्रूजबरीहून रूट ९ ने पूर्वेला गेले की लागणाऱ्या वेलस्ली गावात आहे.

रिबेका क्रेगहिल यांचा जन्म ५ जानेवारी १८९५ रोजी न्यूयॉर्कमधील स्टेटन बेटावर झाला. वडील सैन्यात अधिकारी होते. वेलस्लीला त्या भाषा शिकायला गेल्या, पण मैत्रिणीचा प्राणिशास्त्राचा अभ्यास पाहून तिकडे वळल्या. १९१६ साली त्या पदवीधर झाल्या. १९१८ मध्ये डोनाल्ड लान्सफील्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी त्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक म्हणून लागल्या.

तेव्हा टेक्सासच्या लष्करी छावण्यांत स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे सैनिक दगावत होते. सूक्ष्मदर्शकातून हे सारे जंतू सारखेच दिसतात, माळेत ओवलेल्या मण्यांसारखे. मग वेगळे ओळखायचे कसे?

सशाला मारलेले जंतू टोचले की त्याच्या रक्तात त्यांना पकडणारी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, तयार होतात. ते सीरम जंतूंच्या अर्कात घातले आणि ओळख पटली, तर पांढरा साका धरतो. पण सगळ्या प्रतिपिंडांची पकड सारखी नसते. पकड ढिली असेल तर साका पुसट येतो किंवा दिसतच नाही. काही प्रतिपिंडे भलत्याच जंतूलाही चिकटतात आणि चाचणी खोटे उत्तर देते. म्हणून बाई सीरम आधी परक्या जंतूंत मिसळून अशी प्रतिपिंडे काढून टाकत, मगच चाचणी करत. आमच्या कॉम्प्युटरच्या कामातही असेच असते. प्रोग्रॅम हवा तिथे चालतो एवढे पुरत नाही, नको तिथे चालत नाही हेही तपासावे लागते.

१९३३ साली त्यांनी या जंतूंचे ए ते ई असे पाच गट मांडले. माणसाला आजारी पाडणारे बहुतेक ए गटात निघाले, तर गाईंच्या कासेचा रोग करणारे बी गटात. ए गटाच्या घसादुखीवर औषध झाले नाही, तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. भारतात हा आजार अजूनही आढळतो. बी गट नवजात बाळांना धोकादायक असतो, हे पुढे कळले.

१९७० मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. वयाची पंच्याऐंशी वर्षे उलटली तरी त्या प्रयोगशाळेत जात होत्या. ३ मार्च १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

आजची पट्टीही प्रतिपिंडांच्या पकडीवरच चालते. जंतू थोडे असले तर ती कधी चुकते. म्हणून रेघ आली नाही तरी डॉक्टर मुलांच्या घशातला नमुना पुन्हा प्रयोगशाळेत पाठवतात. तेव्हा कंटाळू नका, लान्सफील्डबाईंची आठवण काढा!