वेंकटेश बापूजी केतकर : गणित आणि दृक्प्रत्यय

गणिताने आलेला ग्रह आकाशात त्याच स्थानी दिसला पाहिजे, ही भारतीय ज्योतिषाची जुनी कसोटी आहे. या मेळालाच दृक्प्रत्यय म्हणतात. वेंकटेश बापूजी केतकर यांचे ग्रंथकर्तृत्व या कसोटीच्या आग्रहातून घडले. त्यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या एका प्रसिद्ध भाकिताचे मोलही याच कसोटीवर ठरवावे लागते.

केतकरांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. ते चार वर्षांचे असताना, १८५८ च्या उठावानंतर, नरगुंदचे संस्थान खालसा झाले. संस्थानी आश्रयावर जगणाऱ्या शास्त्रीपरंपरेचे दिवस सरत होते आणि इंग्रजी शाळेतून नवे गणित येत होते. केतकरांच्या वाट्याला या दोन्ही विद्या आल्या. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात त्यांनी नोकरी धरली आणि पुढे तत्कालीन विजापूर जिल्ह्यातील बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. मोठी वेधशाळा, दुर्बीण किंवा विद्यापीठाचे ग्रंथालय यांपासून दूर, घटप्रभेच्या काठी त्यांचे गणित चालले.

त्या काळी महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' या करणग्रंथावरून होत असत. शके १४४२ मधील हा ग्रंथ आपल्या काळी वेधाशी जुळणारा आणि गणिताला अत्यंत सुटसुटीत असा होता. परंतु मध्यम गतीतील लहानसा दोषही साडेतीनशे वर्षांत साचून मोठा होतो. चंद्राच्या बाबतीत तर अनेक संस्कार मुळातच घेतलेले नसल्याने तिथीच्या वेळा काही तासांनी चुकत.

पंचांगात वेळेला किती महत्त्व असते, हे एका साध्या उदाहरणाने लक्षात येते. परंपरेने गणिताची मध्यरेषा उज्जयिनीवरून जाते. गोंड राजांची जुनी राजधानी असलेले जबलपूरलगतचे गढा हे स्थान उज्जयिनीच्या जवळजवळ अक्षांशावरच, परंतु सुमारे चार अंश पूर्वेस आहे. त्यामुळे गढ्याला सूर्य सुमारे साडेसोळा मिनिटे आधी उगवतो. दिवसाची तिथी सूर्योदयावरून ठरत असल्याने, एखादी तिथी नेमकी या मिनिटांत संपली तर गढ्याची तिथी एक आणि उज्जयिनीची दुसरी होते. हा देशांतराचा फरक कोणताही जोशी काढू शकतो. मात्र मूळ चंद्रच तासांनी चुकत असेल, तर मिनिटांचा हा संस्कार व्यर्थ ठरतो. केतकरांनी हात घातला तो या मुळाच्या दुरुस्तीला.

'ज्योतिर्गणितम्' हा त्यांचा मोठा संस्कृत ग्रंथ १८९० च्या सुमाराचा. युरोपीय वेधांतून सिद्ध झालेली मूलांके घेऊन ग्रहस्थिती, ग्रहणे इत्यादींचे गणित त्यांनी त्यात भारतीय पद्धतीत बसविले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या इतिहासात या कार्याची नोंद घेतली. त्याच सुमारास केतकरांचा 'केतकी ग्रहगणितम्' हा पद्यमय करणग्रंथ झाला. तो रचण्यामागची दृष्टी वाङ्मयाच्या अभ्यासकानेही ध्यानात घेण्याजोगी आहे. नवे शास्त्र इंग्रजी कोष्टकांत पडून राहिले तर ते पंचांगकर्त्यापर्यंत पोहोचणार नाही. ज्या श्लोकबद्ध साच्यात तो चार पिढ्या गणित करीत आला, त्याच साच्यातून ते त्याच्या हाती दिले पाहिजे, ही ती दृष्टी होय. करणग्रंथ हा प्रकार जुना राहिला आणि त्यातील आकडे नवे झाले. मराठी आणि इंग्रजीतही त्यांनी लेखन केले. भारतीय व परदेशीय कालगणनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली निघाला.

या कार्याला विरोध होणे अटळ होते. धर्मशास्त्राच्या रूढ समजुतीनुसार तिथी पासष्ट घटिकांहून मोठी आणि चौपन्न घटिकांहून लहान होत नाही. याला बाणवृद्धी व रसक्षय म्हणतात. प्रत्यक्ष चंद्रगतीवरून काढलेली तिथी मात्र सुमारे वीस तासांपर्यंत आखडते आणि सत्तावीस तासांच्या जवळपास वाढते. सूक्ष्म गणित मान्य करणे म्हणजे व्रतवैकल्ये आणि श्राद्धतिथी यांचे नियम पुन्हा तपासणे होते. सुधारकांतही एकमत नव्हते. राशिचक्राचा आरंभ कोठून मानावा या प्रश्नावर टिळकांचा पक्ष रेवतीच्या तारेचा होता, तर केतकर चित्रापक्षाचे प्रमुख पुरस्कर्ते ठरले. दोहोंच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात जो अयनांश स्वीकारला, तो चित्रापक्षाचा होता.

पंचांगाच्या या वादात गुंतलेल्या गणित्याची दृष्टी १९११ साली सूर्यमालेच्या सीमेवर गेली. एकच वर्ष आधी हॅलेचा धूमकेतू परतला होता. कॉवेल आणि क्रॉमेलिन यांनी वर्तविलेला त्याच्या उपसूर्यबिंदूचा दिवस अवघा तीन दिवसांनी चुकला. हा धूमकेतू नेपच्यूनच्याही पलीकडे, पृथ्वी-सूर्य अंतराच्या पस्तीस पटींपर्यंत जातो. अशा कक्षांच्या दूरच्या टोकांवरून तेथील अज्ञात ग्रहांचा माग काढण्याचा प्रयत्न फ्लामारियाँ आणि फोर्ब्ज यांनी पूर्वीच केला होता. केतकरांनी निराळी वाट धरली. गुरूच्या तीन उपग्रहांच्या गतींत लाप्लासला जो परस्परसंबंध आढळला होता, तशाच प्रकारचा संबंध त्यांनी बाह्य ग्रहांना लावून पाहिला. त्यातून नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत हे अनुमान प्रसिद्ध झाले. त्यात ब्रह्माचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे एकोणचाळीस पट आणि भ्रमणकाल सुमारे २४२ वर्षे होता.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे मध्यम अंतर साडेएकोणचाळीस पट आणि भ्रमणकाल २४८ वर्षे भरला. त्याच वर्षी केतकरांचे निधन झाले.

आकड्यांचे हे साम्य विलक्षण आहे, आणि म्हणूनच मराठीत पुष्कळदा प्लूटोच्या शोधाचे श्रेय केतकरांना दिले जाते. परंतु त्यांचीच कसोटी लावली तर हे श्रेय टिकत नाही. १८४६ साली लव्हेरिए यांनी नेपच्यून आकाशात कोठे शोधावा हे सांगितले होते. म्हणून बर्लिनला गाले यांनी दुर्बीण रोखताच तो एका अंशाच्या आत सापडला. केतकरांच्या अनुमानात अंतर आणि भ्रमणकाल होता, दिशा नव्हती. दिशेवाचून वेध नाही आणि वेधावाचून प्रत्यय नाही. विष्णू तर आजवर सापडलेला नाही. ज्या लॉवेल यांच्या गणितावरून शोध सुरू झाला, त्यांचेही यश योगायोगाचेच होते, हे प्लूटोचे अत्यल्प वस्तुमान कळल्यावर उघड झाले.

तथापि, दूरच्या ग्रहांच्या गती परस्परांशी बांधलेल्या असाव्यात ही त्यांची मूळ कल्पना निराधार नव्हती. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन फेऱ्या होतात. १९९२ पासून त्या प्रदेशात असंख्य लहान गोल सापडले. त्यांपैकी पुष्कळांची गती नेपच्यूनशी याच प्रमाणात बांधलेली आहे, आणि कमी मुदतीचे अनेक धूमकेतू नेपच्यूनपलीकडील त्या भागातूनच येतात असे मानले जाते. केतकरांचे ऋण मात्र ब्रह्मा या ग्रहापेक्षा घरोघरच्या पंचांगात अधिक आहे. तेथे छापलेल्या वेळेला ग्रहण लागते, आणि ते पाहायला दुर्बीण लागत नाही.