मोलोकाईचे फादर दामियन

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत चर्चचा पाया कोणीं घातला, कोणकोणते धर्मगुरू येथें होऊन गेले, हें सारें इतर लेखकांनीं सांगितलें आहे. आमच्या वांट्यास एखादें सच्चरित्र सांगण्याचें काम आलें. पुष्कळ विचार करून आम्हीं अशा एका धर्मगुरूचें चरित्र निवडलें आहे, कीं ज्याच्या धर्मग्रामाला भरभराटीची आशाच नव्हती. तेथें आणलेला मनुष्य मरेपर्यंत तेथेंच राहावयाचा, आणि येण्याची इच्छा सहसा कोणाचीच नसे. अशा ठिकाणीं स्वेच्छेनें जाऊन, सोळा वर्षें राहून, शेवटीं त्याच मातीस मिळालेले हे पुरुष म्हणजे मोलोकाई बेटाचे संत दामियन होत.

बेल्जियम देशांत लूव्हेन शहराजवळ त्रेमेलो नांवाचें खेडें आहे. तेथें ३ जानेवारी १८४० रोजीं योसेफ द व्हूस्टर यांचा जन्म झाला. घरीं शेती व धान्याचा व्यापार होता. या मुलानें व्यापार संभाळावा असें वडिलांच्या मनांत होतें. परंतु थोरले बंधु पांफिल हे येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघांत गेले होते, त्यांच्या मागोमाग योसेफही १८५९ सालीं त्याच संघांत शिरले व त्यांनीं दामियन हें नांव धारण केलें. शिक्षण बेताचेंच झालेलें आणि लातीन भाषेचा गंध नाहीं, म्हणून आरंभीं त्यांस ब्रदर म्हणूनच घेण्यांत आलें. पण फावल्या वेळीं बंधूंकडून त्यांनीं लातीन अशा झपाट्यानें आत्मसात केली, कीं वरिष्ठांनीं त्यांस धर्मगुरुपदाच्या अभ्यासास परवानगी दिली.

१८६३ सालीं पांफिल यांची नेमणूक पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांवर झाली. प्रवासाची सर्व तयारी झाली असतां ते टायफसच्या तापानें अंथरुणास खिळले. तेव्हां दामियन यांनीं स्थानिक वरिष्ठांस न विचारतां, थेट पॅरिस येथील संघप्रमुखांस पत्र लिहून भावाची जागा आपणांस द्यावी अशी विनंती केली, आणि ती मान्य झाली. स्वभावांतील हा धडाडीचा व थोडा हट्टाचा भाग वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो पुन्हां दिसणार आहे.

तेवीस वर्षांचा हा तरुण हिंवाळ्याच्या तोंडीं जर्मनीच्या ब्रेमरहाफेन बंदरांतून जहाजानें निघाला. पनामाचा कालवा तेव्हां झालेला नव्हता. सबंध दक्षिण अमेरिकेस वळसा घालून, वादळांसाठीं कुप्रसिद्ध असलेल्या केप हॉर्नवरून जावें लागे. सुमारें साडेचार महिने समुद्रावर काढून १९ मार्च १८६४ रोजीं, संत योसेफाच्या सणाच्या दिवशीं, दामियन होनोलुलू बंदरांत उतरले. त्याच वर्षीं २१ मे रोजीं तेथील कॅथेड्रलमध्यें त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. मायदेशाचें दर्शन त्यांस पुन्हां कधींच घडलें नाहीं.

पुढील नऊ वर्षें हवाई नांवाच्या मोठ्या बेटावर गेलीं. आधीं पुना हा ज्वालामुखीच्या छायेंतला प्रांत त्यांच्याकडे होता. नंतर कोहाला व हामाकुआ या विस्तीर्ण टापूंत काम करणारे एक धर्मगुरू प्रकृतीनें थकले, म्हणून त्यांच्याशीं अदलाबदल करून तो अवघड टापू दामियन यांनीं आपल्याकडे घेतला. मिस्सेचें साहित्य बरोबर घेऊन ते कधीं घोड्यावर, कधीं होडींतून, तर कधीं हातापायांनीं कडे चढून एका वस्तीहून दुसऱ्या वस्तीस जात. साऱ्या टापूची एक फेरी पुरी होण्यास कित्येक आठवडे लागत. जेथें प्रार्थनेस छप्पर नसे तेथें ते स्वतःच खांद्यावरून लाकडें वाहून नेत आणि करवत-रंधा हातीं घेऊन चॅपेल उभारीत. लोकांची भाषा ते बोलूं लागले. अळूचे कंद शिजवून, कुटून केलेली पोई हें तेथील लोकांचें रोजचें अन्न. तेंच दामियनही खाऊं लागले.

याच काळांत त्या बेटांवर कुष्ठरोगाचा, म्हणजे आपले वाडवडील ज्यास महारोग म्हणत त्याचा, फैलाव झाला होता. हा रोग बाहेरून आलेला असल्यामुळें तेथील मूळ लोकांस त्याची मोठी झळ लागली. १८६५ सालीं राजा पांचवा कामेहामेहा याच्या राजवटींत कायदा होऊन रोग्यांस घरांतून धरून कायमचें वेगळें ठेवण्याचें ठरलें. त्यासाठीं मोलोकाई बेटाच्या उत्तरेकडील एक भूशिर निवडण्यांत आलें. त्याच्या तीन बाजूंस खवळलेला समुद्र व चौथ्या बाजूस दोन हजार फुटांहून उंच ताठ कडा. ६ जानेवारी १८६६ रोजीं, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, पहिल्या बारा रोग्यांस तेथें उतरविण्यांत आलें. रोग्यांनीं शेती करून आपलें पोट भरावें अशी सरकारची कल्पना होती. पण ज्यांचीं बोटें झडलीं ते कुदळ कशी धरणार? कांहीं रोग्यांबरोबर त्यांचीं बायकामुलें व नातलग आपखुषीनें तेथें राहावयास गेले. त्यांस कोकुआ, म्हणजे मदतनीस, म्हणत. त्या बेटावर स्वेच्छेनें जाणारे दामियन हे कांहीं पहिले नव्हेत, हें त्या अनाम माणसांच्या स्मरणार्थ सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

१८७३ सालच्या मे महिन्यांत माउई बेटावर एका नव्या चर्चच्या अभिषेकास धर्मगुरू जमले होते. मोलोकाईच्या रोग्यांपाशीं कायमचा धर्मगुरू नाहीं, हें दुःख बिशप मेग्रे यांनीं बोलून दाखविलें. कोणासही आज्ञा करून तेथें पाठविण्यास त्यांचें मन धजेना. चार तरुण धर्मगुरू आपण होऊन पुढें आले. त्यांनीं पाळीपाळीनें जावें असें ठरलें, आणि पहिली पाळी दामियन यांची आली. १० मे रोजीं बिशपांनीं स्वतः त्यांस तेथें पोंचविलें. ती पाळी मरेपर्यंत संपली नाहीं.

कालावाओ येथील वस्तींत तेव्हां सहाशेंहून अधिक रोगी होते. संत फिलोमेना हिच्या नांवाचें लहानसें चॅपेल संघाच्या एका ब्रदरांनीं आदल्याच वर्षीं उभारलें होतें. पण धर्मगुरूस राहण्यास घर नव्हतें. आपल्या कोंकणांतील केवड्याच्या जातीचें एक झाड चॅपेलजवळ होतें, त्याखालीं दामियन यांनीं पहिले कित्येक दिवस काढले. जखमांच्या दुर्गंधीनें त्यांचा जीव घाबरा होई. ती सोसावी म्हणून ते चिलीम ओढूं लागले. आम्हांस हें वाचून बरें वाटतें. संत झाले म्हणून त्यांस घाण येत नव्हती असें नाहीं. घाण येत असतांही ते जात राहिले.

मग रोजचीं कामें सुरू झालीं. पहांटे प्रार्थना व मिस्सा, मग घरोघर फिरून जखमा धुणें व पट्ट्या बांधणें, दुपारीं सुतारकाम. मेलेल्यांस पेटी मिळत नसे, म्हणून दामियन स्वतः पेट्या करूं लागले व थडगींही खणूं लागले. दूरच्या ओढ्याचें पाणी नळांनीं वस्तींत आणण्याच्या कामांत ते राबले. १८७४ सालच्या वादळानें रोग्यांच्या गवती झोपड्या भुईसपाट केल्या, तेव्हां सरकारकडून लाकूड मिळवून, धट्टेकट्टे रोगी हाताशीं घेऊन त्यांनीं जमिनीपासून उंच अशीं घरें बांधलीं. अनाथ मुलामुलींसाठीं आश्रम काढले. गायनवृंद जमविला, वाद्यपथक उभें केलें. सणाच्या दिवशीं निशाणें व वाद्यें घेऊन मिरवणुका निघूं लागल्या. जेथें लोक मरणाची वाट पाहत बसले होते, तेथें ते पुढच्या सणाची तयारी करूं लागले.

कांहीं रोग्यांस तोंडांतील लाळ आवरत नसे, आणि लाजेमुळें ते मिस्सेस येत नसत. दामियन यांनीं काय केलें? चॅपेलच्या लांकडी तळजमिनीस त्यांनीं भोंकें पाडलीं आणि त्या लोकांची सोय केली. जगांत भव्य चर्चें पुष्कळ आहेत. पण लाजणाऱ्या माणसांसाठीं जमिनीस पाडलेलीं हीं भोंकें आम्हांस कित्येक घुमटांहून मोलाचीं वाटतात.

लोकांत अशी कथा प्रसिद्ध आहे, कीं एके रविवारीं दामियन यांनीं प्रवचनांत स्वतःस महारोग्यांत गणलें, आणि त्यावरून त्यांस रोग जडल्याचें सर्वांस कळलें. वस्तुस्थिति याहूनही थोर आहे. मोलोकाईस येऊन वर्षही झालें नव्हतें, अंगावर रोगाचा डाग नव्हता, तेव्हांच त्यांनीं पांफिल यांस लिहून कळविलें होतें, कीं प्रवचनांत मी स्वतःसही रोग्यांतच धरून बोलतों. आपल्या मराठींत आम्ही व आपण असे दोन शब्द आहेत. आम्ही म्हणतांना ऐकणारा बाहेर राहतो. आपण म्हणतांना तो आंत येतो. हवाईच्या भाषेंतही हा भेद आहे. दामियन यांनीं त्या लोकांशीं आपण या नात्यानें बोलण्यास आरंभ केला, आणि मग त्या शब्दाप्रमाणें ते वागले. एकाच भांड्यांतून पोई खाल्ली, चिलीम दिलीघेतली, मुलांस मांडीवर घेतलें. रोग अंगावर उमटण्यापूर्वीं कित्येक वर्षें तो शब्द त्यांच्या तोंडीं होता.

या जीवनाचें खरें दुःख रोग नव्हे, एकाकीपण होतें. आरंभीं सरकारनें त्यांस बेट सोडण्याची बंदी केली. एकदां त्यांचे वरिष्ठ जहाजानें आले, पण कप्तानानें त्यांस किनाऱ्यावर उतरूं दिलें नाहीं व दामियन यांस जहाजावर चढूं दिलें नाहीं. धर्मगुरूसही कुमसार करावयास दुसरा धर्मगुरू लागतो. तेव्हां खालीं होडींत उभे राहून दामियन यांनीं आपलीं पापें फ्रेंच भाषेंत मोठ्यानें सांगितलीं, आणि वरिष्ठांनीं जहाजाच्या कठड्यावरून पापक्षमा दिली.

१८८१ सालीं राजकन्या लिलिउओकलानी वस्ती पाहावयास आल्या. तेथील दृश्य पाहून त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. नंतर त्यांनीं दामियन यांस राजसन्मानाचें पदक पाठविलें. १८८४ सालच्या डिसेंबरांत एके दिवशीं दामियन यांनीं कढत पाण्यांत पाय घातला. कातडीस फोड आले, पण वेदना झाल्या नाहींत. तेव्हां त्यांस उमजलें, आणि लौकरच डॉक्टरांनींही तेंच सांगितलें.

पुढील चार वर्षें त्यांनीं घाईनें काम केलें. मदतही आली. १८८६ सालीं अमेरिकेच्या यादवी युद्धांत लढलेले जोसेफ डटन आले, व चाळिसांहून अधिक वर्षें तेथें राहिले. १८८८ सालीं बेल्जियमचे फादर कॉन्रार्डी आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मदर मारियान कोप या आपल्या धर्मभगिनींसह आल्या. १५ एप्रिल १८८९ रोजीं, पवित्र सप्ताहांतील सोमवारीं, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीं दामियन यांनीं देह ठेवला. ज्या झाडाखालीं ते पहिल्या रात्रीं निजले होते, त्याच झाडाखालीं त्यांस पुरण्यांत आलें.

ते निर्दोष होते असें आम्ही म्हणत नाहीं. ते तापट होते. सोबत्यांशीं त्यांचें पटत नसे. मदतीसाठीं ते सरकारच्या व वरिष्ठांच्या मागें इतके लागत, कीं वरिष्ठ त्यांस कंटाळत. मृत्यूनंतर होनोलुलूच्या एका प्रोटेस्टंट पाळकांनीं त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविले. त्यांस उत्तर देण्यास जे पुढें आले ते कॅथोलिक नव्हते. सुप्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनीं ती वस्ती स्वतः पाहिली होती. १८९० सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या अनावृत पत्रांत दामियन यांचे दोष न लपवितां त्यांच्या थोरवीची ग्वाही दिली. १९३६ सालीं त्यांच्या अस्थि बेल्जियमला नेण्यांत आल्या. १९९५ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्य घोषित केल्यावर त्यांचा उजवा हात कालावाओच्या थडग्यांत परत ठेवण्यांत आला. ११ ऑक्टोबर २००९ रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं त्यांस संतपद दिलें.

ज्या १८७३ सालीं दामियन मोलोकाईस गेले, त्याच सालीं नॉर्वेचे डॉक्टर हान्सेन यांनीं या रोगाचा जंतु शोधून काढला. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधांचा एकत्र उपचार सुचविला, आणि आज हा रोग वेळीं औषध घेतल्यास पूर्ण बरा होतो. परंतु रोगाचें भय रोगाहून चिवट असतें. हवाईंतील सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा १९६९ सालीं उठला; आणि आपल्या देशांत ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या घटस्फोटाच्या कायद्यांत कुष्ठरोग हें विवाह मोडण्याचें एक कारण म्हणून २०१९ सालापर्यंत नमूद होतें. विवाहाचें बंधन अतूट मानणाऱ्या आपण लोकांनीं याचा खेद किती केला, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

ज्युबिलीच्या दिवशीं आपलें चर्च भरून जाईल. त्या गर्दींत कोण नाहीं, हें आपण पाहणार आहों काय? रोगामुळें, दारिद्र्यामुळें, मोडलेल्या संसारामुळें, किंवा पूर्वीं कोणी लागेल असें बोलल्यामुळें कित्येक जण घरींच बसतात. त्यांच्याविषयीं बोलतांना आपण ते लोक असें म्हणतों. त्यांतील एका तरी घरीं या वर्षीं जावें, तेथें बसावें, तेथील पाणी प्यावें, आणि परत येतांना त्यांस मिस्सेस बोलावून यावें, एवढीच या चरित्रावरून आमची विनंती आहे. संत दामियन यांचा सण १० मे रोजीं, म्हणजे ते मोलोकाईच्या किनाऱ्यावर उतरले त्या दिवशीं, पाळला जातो. त्या दिवसाच्या आंत हें काम झाल्यास आपली ज्युबिली साजरी झाली असें आम्ही समजूं.

संत दामियन आपणां सर्वांसाठीं देवापाशीं विनंती करोत.